पुसून टाकायच्या फायलीची कुळकथा

20 डिसेंबर 2015 रोजी दिल्लीत एका तरुणाची सुटका झाली. 16 डिसेंबर 2012च्या सामूहिक बलात्काराच्या वेळी तो अठरा वर्षांचा झालेला नव्हता. बाल न्याय मंडळाने सुनावलेली विशेष गृहातली तीन वर्षं संपली होती. त्याचा चेहरा लोकांना दाखवा, अशी मागणी झाली. त्या मागणीमागचं दुःख खरं होतं. पण कायद्याने नाव झाकूनच ठेवलं.

हा नियम एका दिवसात झाला नाही. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा 1857मध्ये निघाली, तेव्हा प्रश्न पोरांना सराईत कैद्यांपासून दूर ठेवण्याचा होता. मुलांसाठी वेगळे कायदे मद्रासमध्ये 1920, बंगालमध्ये 1922 आणि मुंबईत 1924 साली झाले. दिल्लीसारख्या केंद्रशासित प्रदेशांसाठी 1960चा बालक कायदा आला. मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो छापणाऱ्या वर्तमानपत्राला त्याने हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला.

नाव झाकलं तरी पोलीस ठाण्यात कागद उरायचा. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तोच वर यायचा. म्हणून अपिलाची मुदत उलटल्यावर दोषसिद्धीची नोंद काढून टाकण्याची तरतूद 2000च्या बाल न्याय कायद्यात आली. या कुळकथेतलं सर्वांत मोठं पाऊल मला हेच वाटतं. छापण्यावरची बंदी मुलाला आजच्या बदनामीपासून वाचवते. नोंद काढली की पंचविशीत नोकरी मागायला गेलेला माणूस वाचतो.

दिल्लीतल्या त्या सुटकेनंतर दोनच दिवसांनी राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा मुलाची नोंद उघड करू नये, असं त्यात स्पष्ट आलं. ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्याने एक खिंडारही पाडलं: सोळा ओलांडलेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी बाल न्यायालयात प्रौढासारखा खटला चालून तो दोषी ठरला, तर ती नोंद नष्ट होत नाही, न्यायालय ती जपून ठेवतं. संतापाच्या दिवसांत झालेला हा अपवाद अरुंदच राहायला हवा.

2019मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात उपनिरीक्षक म्हणून निवडलेल्या एका तरुणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. अल्पवयात त्याच्यावर दाखल झालेल्या आणि ज्यातून तो पुढे निर्दोष सुटला, अशा खटल्यावरून त्याला नेमणूक नाकारली होती. न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला: आरोप खरे ठरले असते, तरी तेवढ्यावरून नोकरी नाकारता आली नसती.