काय सोडायचे, हे आधी ठरवा!
चंद्रावरच्या पहिल्या स्वारीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. २० जुलै १९६९ रोजी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरत असताना यानातल्या संगणकाने '१२०२' हा इशारा दिला. एका रडारचे नको असलेले संकेत त्याचा वेळ खात होते. कामे तुंबली होती. नेमके हेच घडेल, हे एमआयटीतल्या आज्ञावलीकारांना ठाऊक नव्हते. पण कधीतरी भार पेलवणार नाही, एवढे त्यांनी धरून चालले होते. म्हणूनच हॅल लॅनिंग यांनी प्रत्येक कामाला अग्रक्रम देणारी रचना आखली होती. संगणकाने स्वतःला पुन्हा सुरू केले, कमी महत्त्वाची कामे सोडली आणि यान उतरवण्याचे काम चालू ठेवले. सगळी माहिती आधी कधीच हाती येत नाही. मग अडचणीत काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे, एवढे तरी आधी ठरवून ठेवावे.