साडी नेसलेली मरिया

आमच्या पाटसच्या बाजूची माणसे देवीचे मुखवटे पाहतच लहानाची मोठी होतात. शेजारच्या कुरकुंभची फिरंगाई, नावात ‘फिरंग’ असूनही, आम्हाला कधी परकी वाटली नाही. देवी म्हणजे साडीचोळीतली घरचीच बाई. चित्रांतली मरिया मात्र गोरी, निळ्या झग्यातली, परमुलखातली.

तिला इथली करणारे चित्रकार म्हणजे अँजेलो दा फोन्सेका. जन्म १९०२ चा, गोव्यातला. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे ते शिकले. गोव्यात परतल्यावर त्यांनी मरियेला साडी नेसवली. तेव्हा तिथे पोर्तुगीज अंमल होता. धर्ममंडळींना ते रुचले नाही. फोन्सेका पुण्यात आले आणि शिवाजीनगरला ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात राहिले. फादर विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापलेला हा संघ अँग्लिकन, फोन्सेका कॅथलिक. पंथ आड आला नाही, याचे मला फार मोल वाटते.

प्रश्न नुसत्या वेशाचा नव्हता. पुढे त्यांच्या पत्नी आयव्ही यांचा चेहरा मरियेच्या चित्रांत उतरला. शुभवर्तमानात मरियेच्या रूपाचे वर्णनच नाही. इटलीच्या चित्रकारांनी आपल्या मुलखातल्या बायका समोर बसवून मरिया रंगवली. ते चालले, मग हे का चालू नये?

१९६७ मध्ये फोन्सेका निवर्तले. त्यांची पुष्कळ चित्रे आज पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात आहेत, म्हणजे गोव्यातच.