टोपी खरी, नाव खोटे

फील्ड मार्शल एर्विन रोमेल म्हटले की आफ्रिकेचे वाळवंट आठवते, आणि गॉगल चढवलेली त्याची लष्करी टोपी. (तो गॉगल मूळचा ब्रिटिशांचा, १९४१ मध्ये हाती लागलेला!) ही प्रतिमा इतकी रुजली आहे की तशी टोपी विक्रीस आली की तिला रोमेलचे नाव चिकटवण्याचा मोह होतोच.

सर्वस्वी बनावट टोपी ओळखणे त्या मानाने सोपे. पॉलिएस्टर १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये शोधले गेले आणि त्याचा धागा बाजारात आला तो युद्धानंतर. मूळ शिवणीत तो सापडला की वाद संपला.

अवघड असते ती अस्सल टोपी. जर्मन अधिकारी आपल्या टोप्या खासगी दुकानांतून विकत घेत. आतल्या अस्तरावरील सेल्युलॉइडच्या पारदर्शक तुकड्याखाली नावाची चिठ्ठी सरकवता येई. कापड खरे, शिवण खरी, चिठ्ठी तेवढी नंतरची. आम्हा साहित्याच्या अभ्यासकांना हे अपरिचित नाही. तुकोबांची नाममुद्रा लावून प्रक्षिप्त अभंग शिरलेच की! म्हणून टोपीपेक्षा तिचा प्रवास तपासावा, असे आम्हांस वाटते. रोमेल १४ ऑक्टोबर १९४४ रोजी मरण पावला. त्यानंतर ती कोणाकडे होती, कोणी कोणास दिली, कागद कुठे आहे? विक्रेता बहुधा कागदाऐवजी एखाद्या वृद्ध सैनिकाची गोष्ट सांगतो. गोष्ट सुरेख असते.