नामदेवांची तुपाची वाटी आणि न गिळणारं कुत्रं



सकाळच्या भाकरी झाल्या, की शेवटचा तुकडा कुणाचा हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. दारातलं कुत्रं वाटच पाहत असतं. सणावाराला नैवेद्य काढतानाही गाईचा घास, कावळ्याचा घास आणि कुत्र्याचा घास बाजूला निघतो. पण एखाद्या दिवशी ते कुत्रं भाकरीजवळ येतं, हुंगतं, तुकडा तोंडात धरतं आणि तो तसाच खाली पडतो. पाण्याच्या भांड्यात तोंड घालतं, पण पाणी घशाखाली उतरत नाही. तोंडातून लाळेची तार लोंबत असते.

आपण लगेच म्हणतो, "हाडूक अडकलं असंल घशात." मग एकजण दूध-भाकर कुस्करते, दुसरी बाटलीनं पाणी पाजायला बघते आणि तिसरी धीट बाई त्याचा जबडा उघडून आत बोटं घालते. तिच्या मनात फक्त माया असते. पण त्या बोटांनी जीव जाऊ शकतो. आज त्या हाताबद्दल आणि त्या घासाबद्दल बोलायचं आहे. ही गोष्ट बरीच जुनी आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करू.

संत नामदेवांची कथा आपण कीर्तनात ऐकलेली आहे. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा सांगतात. ते जेवायला बसले असताना कुत्र्यानं भाकर पळवली. कुणीही काठी घेऊन धावलं असतं. नामदेव धावले ते तुपाची वाटी घेऊन. कोरडी भाकर खाऊ नकोस देवा, थोडं तूप तरी लावून घे, असा त्यांचा भाव. कीर्तनकार या कथेतून सांगतात की सगळ्या जीवांत विठ्ठल आहे. मला त्यात रांधणाऱ्या बाईच्या ओळखीची एक गोष्टही दिसते. कोरडा घास घशाला लागतो, तो मऊ करून द्यावा, हे शहाणपण आपल्याकडे किती जुनं आहे!

पण आपल्याकडे दुसरंही एक शहाणपण होतं, नामदेवांच्याही कितीतरी आधीचं. सुश्रुतसंहिता या प्राचीन वैद्यकग्रंथात विषांवर एक भाग आहे, त्याचं नाव कल्पस्थान. त्यात पिसाळलेल्या जनावराचं वर्णन आहे. त्याची शेपटी ढिली पडते, जबडा आणि खांदे लोंबतात, तोंडातून फार लाळ गळते. आपल्या दारात आलेल्या त्या कुत्र्याचंच हे वर्णन नाही का? अशा जनावरानं चावलेला माणूस पाण्याला भिऊ लागला की तो वाचत नाही, हेही तिथं लिहिलं आहे. या भीतीला त्या ग्रंथात जलत्रास म्हटलं आहे. उपाय काय, तर जखमेतलं रक्त वाहू द्यावं आणि तापवलेल्या तुपानं ती डागावी. म्हणजे तूप इथंही आलं. पण त्या तुपानं जीव वाचेल याची खात्री नव्हती.

खात्रीचा उपाय माणसाला पुढे कितीतरी शतकं सापडला नाही. युरोपातही तापलेल्या लोखंडानं जखम डागत असत. औषध नसलं की भीती वाढते, आणि भीती वाढली की माणूस काठी उचलतो. मुंबईत इंग्रज सरकारनं मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला होता, मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीसही मिळे. पारशी समाजात कुत्र्याला मान आहे, त्याच्यासाठी घास काढायची रीत आहे. १८३२ च्या जून महिन्यात पोलीस कुत्री मारू लागले तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले आणि मुंबईत दंगल झाली. घास घालणारे एकीकडे आणि भ्यालेले दुसरीकडे, हा वाद तेव्हापासून चालू आहे. दोन्ही बाजूंना हवी होती ती लस मात्र अजून पन्नास वर्षं दूर होती.

ती आली फ्रान्समधून. ६ जुलै १८८५ या दिवशी जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे घेऊन आली. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याचे ठिकठिकाणी लचके तोडले होते. पाश्चर यांची लस तोवर कुत्र्यांवर करून पाहिलेली होती. मुलाला दहा-अकरा दिवसांत तेरा टोचण्या दिल्या आणि तो जगला. पुढच्या वर्षी रशियातून एकोणीस शेतकरी पॅरिसला आले. त्यांना पिसाळलेल्या लांडग्यानं फाडलं होतं. त्यातले सोळा वाचले. ज्या रोगातून कुणी उठत नव्हतं, तिथं ही बातमी जगभर गेली.

पण आपल्या गावाहून पॅरिस कुठं? भारतात पहिली पाश्चर संस्था निघाली १९०० साली, तीही हिमाचलातल्या कसौलीच्या डोंगरावर. देशाच्या दूरदूरच्या भागांतून चावलेली माणसं तिथं जात. नागपूरहून हा रस्ता हजार किलोमीटरहून लांब. चावलेलं लेकरू कडेवर घेऊन, अनोळखी मुलखात, वेळेत पोहोचू की नाही या धाकात निघालेल्या आईचा विचार करा. दक्षिणेत तर अंतर आणखी मोठं. १९०२ मध्ये तिकडे एक तरुण इंग्रज बाई या रोगानं गेली. त्यानंतर हालचाल झाली, एका अमेरिकन दानशूर माणसानं पैसे दिले आणि १९०७ मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरला दुसरी संस्था उभी राहिली.

१९११ साली कसौलीतच डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून नवी लस केली. ती दूरवर पाठवता येऊ लागली. "पोटात चौदा इंजेक्शनं" हे आपल्या आई-आजीच्या तोंडी असायचं ना, ती हीच लस. ती दुखायची. क्वचित कुणाला तिच्यामुळे लकवाही व्हायचा, म्हणून लोक टाळाटाळ करत. आपल्या देशात ती २००४ च्या अखेरीस बंद झाली. आजची लस दंडात किंवा कातडीत चार-पाच वेळा देतात, पोटात नाही. तरीही अजून कुणी चावलेला माणूस "चौदा सुया" आठवून घरीच बसतो. तुमच्या गटात असं कुणी असेल तर तिला एवढं नक्की सांगा.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. २००० साली राज्याचं पशू आणि मत्स्य विज्ञान विद्यापीठही नागपुरातच सुरू झालं. म्हणजे जनावराच्या घशात काय बिघडलं हे ओळखणारी माणसं तयार करणारी जागा आपल्या जवळच आहे. आणि मुंबईतला तो जुना वादही नागपुरात पुन्हा उभा राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की मोकाट कुत्र्यांना रस्त्यावर, बागेत खाऊ घालू नका; घालायचं तर त्यांना दत्तक घ्या, घरी ठेवा. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं या सक्तीला स्थगिती दिली. कोण बरोबर, यात मी आज शिरत नाही. पण एक गोष्ट मला पक्की वाटते. जी बाई रोज घास घालते, तिलाच सगळ्यांत आधी कळतं की आज कुत्र्यानं घास गिळला नाही. डॉक्टरच्याही आधी, ग्रामपंचायतीच्याही आधी. म्हणून तिच्यावर जबाबदारी मोठी आहे: नजर ठेवायची, आणि हात आवरायचा.

हात का आवरायचा, ते समजून घेऊ. रेबीजचा विषाणू चाव्यातून शिरतो, नसांमधून हळूहळू मेंदूपर्यंत चढतो आणि तिथून लाळेच्या ग्रंथींत उतरतो. घशाचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडतात. कुत्र्याला लाळ फार सुटते आणि ती गिळताही येत नाही, म्हणून ती बाहेर गळते. आपल्याला वाटतं पिसाळलेलं कुत्रं म्हणजे अंगावर धावून येणारं. पण काही कुत्री अशी धावत नाहीत. ती कोपऱ्यात गप्प बसतात, त्यांचा आवाज बदलतो, जबडा लोंबतो, पाय लटपटतात. ती बिचारी दिसतात, आणि "हाडूक अडकलं" असं वाटून माणसं फसतात. गाई-म्हशींतही हेच होतं. रवंथ बंद, लाळ गळते, गिळत नाही, म्हणून धनी घशात हात घालतो. त्या लाळेत विषाणू असतो आणि कामानं भेगाळलेल्या, चिरा पडलेल्या आपल्या हातांतून तो आत जायला वाट मिळते.

प्रत्येक न गिळणारं कुत्रं पिसाळलेलं असतं असं मुळीच नाही. कुणाचा दात किडतो, कुणाच्या तोंडात जखम असते, खरंच हाडही अडकतं. काही कुत्र्यांची अन्ननलिका ढिली पडून फुगते. ती हौसेनं खातात आणि थोड्या वेळानं अन्न जसंच्या तसं बाहेर टाकतात. पण यातलं कोणतं कारण आहे, हे घरी बसून ठरवता येत नाही. म्हणून गिळणं अचानक थांबलं, लाळ गळू लागली, वागणं बदललं, तर आधी लेकरं आणि जनावरं लांब करा. कुत्रं आपल्या आवारात असेल तर फाटक लावून घ्या, धरायला जाऊ नका. पाण्याचं भांडं ठेवायचंच असेल तर काठीनं पुढं सरकवा. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. १९६२ हा जनावरांसाठीचा मोफत फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

लाळ हाताला लागली, ओरखडा आला किंवा दात लागला, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद, तापवलेलं तूप, काहीही लावू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि लसीच्या सगळ्या तारखा पाळा. जखम खोल असेल तर जखमेत द्यायचं वेगळं औषधही असतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. रोगाची लक्षणं माणसात दिसू लागल्यावर मात्र हातात काही उरत नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं या रोगानं जातात, त्यातली जवळजवळ एक तृतीयांश आपल्या देशातली, आणि त्यांत लेकरं पुष्कळ असतात. कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घेतली तर हे सगळं मुळातच टळतं.

आणि डॉक्टरनं तपासून सांगितलं की रेबीज नाही, घशाचा किंवा अन्ननलिकेचा त्रास आहे, तर मग नामदेवांची वाटी खुशाल काढा. भाकर पाण्यात भिजवून, कुस्करून द्या, किंवा भात चांगला शिजवून मऊ करून द्या. कांदा, लसूण, तिखट, हाडं नकोत. एकदाच पोटभर देण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. भांडं जमिनीवर ठेवू नका, पाटावर किंवा पालथ्या घमेल्यावर छातीच्या उंचीला ठेवा, म्हणजे मान वर राहते आणि घास आपल्या वजनानं खाली उतरतो. खाऊन झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं त्याला पुढचं अंग उंच ठेवून बसवा. परदेशात अशा कुत्र्यांसाठी उभं बसवायची लाकडी खुर्ची करतात. आपल्याला घराची पायरीसुद्धा चालते. एखाद्याला पातळ अन्न उतरतं, एखाद्याला घट्ट गोळे, ते पाहून ठरवा. पण बाटलीनं, नळीनं जबरदस्तीनं ओतू नका. ते फुप्फुसात जातं. खाल्ल्यावर खोकला किंवा घरघर सुरू झाली तर पुन्हा डॉक्टरला दाखवा.

नामदेव वाटी घेऊन धावले, कारण घास कोरडा आहे हे त्यांनी पाहिलं. आपणही आधी पाहावं. उद्या सकाळी दारातल्या कुत्र्याला तुकडा टाकल्यावर लगेच पाठ फिरवू नका. क्षणभर थांबा, आणि तो घशाखाली उतरला का, तेवढं बघा.