मोटारगाडीच्या रंगावरील पाण्याचे डाग

मोटारगाडीच्या रंगावर पाणी सुकल्यानंतर त्यातील क्षार मागे राहून जे पांढरट, गोलाकार ठिपके किंवा कडी उमटतात, त्यांना पाण्याचे डाग असे म्हणतात. वेळीच धुतल्यास हे डाग सहज निघतात. उन्हात व आर्द्र हवेत दीर्घकाळ राहिल्यास मात्र ते रंगाच्या पृष्ठभागात उतरतात आणि साध्या धुण्याने जात नाहीत. जुन्या, अभिजात गणल्या जाणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक ठरतो. त्यांचा मूळ रंग आधीच झिजून पातळ झालेला असतो, आणि खोल डाग काढण्याच्या प्रत्येक यांत्रिक पद्धतीत रंगाचा थोडा थर कायमचा निघून जातो.

निर्मितीची कारणे

विहीर व कूपनलिका यांच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट क्षार विरघळलेले असतात. पाणी आटताना कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचाच पदार्थ, घनरूपात खाली बसतो. हा पदार्थ पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्यामुळे पुन्हा पाणी ओतून डाग जात नाही. थेंबातील क्षार सुकताना कडेला अधिक साचतात, म्हणून डागाला बहुधा कड्याचा आकार येतो.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण विद्राव्य घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅम असून अन्य स्रोत नसल्यास २००० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालते. एकूण कठीणपणासाठी हेच आकडे अनुक्रमे २०० आणि ६०० मिलिग्रॅम आहेत. त्यामुळे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही रंगावर डाग पाडू शकते. प्रतिलिटर ६०० मिलिग्रॅम घन पदार्थ असलेले अर्धा लिटर पाणी गाडीवर तसेच सुकले, तर सुमारे ०.३ ग्रॅम क्षार पत्र्यावर शिल्लक राहतात.

पाण्याचा थेंब भिंगासारखे काम करून रंग जाळतो, अशी समजूत प्रचलित आहे. तथापि सपाट पृष्ठभागावर बसलेल्या थेंबाचा नाभिबिंदू पृष्ठभागाच्या बराच खाली पडतो, त्यामुळे किरण रंगावर एकवटत नाहीत. खरे नुकसान तापलेल्या पत्र्यामुळे होते. गडद रंगाच्या गाडीचे टप उन्हात ६० अंश सेल्सियसपलीकडे तापू शकते. त्या तापमानाला रंग काहीसा मऊ पडतो आणि आटत जाणाऱ्या थेंबातील तीव्र झालेले क्षार व आम्ले त्यावर परिणाम करतात.

किनारी भागातील परिस्थिती

पालघर जिल्ह्यातील माकुणसार, केळवे, माहीम या परिसरासारख्या किनारी पट्ट्यात डागांची एकाहून अधिक कारणे एकत्र येतात. समुद्रालगतच्या जमिनीत विहिरींचा उपसा वाढला, की खारे पाणी भूगर्भातून आत सरकते आणि विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागते. खाऱ्या वाऱ्यासोबत येणारे मिठाचे कण रंगावर बसतात. या भागातून पश्चिम रेल्वेचा मार्ग जातो. रेल्वेमार्गालगत चाके, रूळ आणि ब्रेक यांच्या झिजेतून लोखंडाची सूक्ष्म धूळ उडते व रंगात रुतून तांबूस ठिपके उमटतात. औद्योगिक वसाहतींच्या आसपासही धातूची धूळ व राख यांचा असाच थर बसू शकतो.

या निरनिराळ्या डागांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. मिठाचा डाग साध्या पाण्यात विरघळतो, मात्र रंगाला टवका उडालेल्या जागी मीठ साचून राहिल्यास पत्रा गंजतो. लोहकणांच्या ठिपक्यांना लोखंडाशी संयोग पावणारे खास द्रावण लागते. चुन्याच्या डागाला सौम्य आम्ल लागते. सिलिकायुक्त डाग सौम्य आम्लाला दाद देत नाही. म्हणून उपायापूर्वी डागाची ओळख पटवणे आवश्यक असते.

डागांचे प्रकार

पहिल्या प्रकारात क्षार केवळ रंगाच्या वर बसलेले असतात. बोट फिरवल्यास खरखर जाणवते. दुसऱ्या प्रकारात क्षार रंगाला घट्ट चिकटलेले असून धुतल्यानंतरही कडे दिसते. तिसऱ्या प्रकारात क्षार निघून गेलेले असतात, पण त्यांच्या जागी रंगात सूक्ष्म खळगा उरतो. हा खळगा बोटाला क्वचितच जाणवतो, मात्र तिरप्या प्रकाशात दिसतो. गाडी ओली असताना डाग नाहीसा झाल्यासारखा वाटून सुकताच पुन्हा उमटला, तर त्याचा निर्णय ओल्या पृष्ठभागावरून करू नये. पाणी खळगा आणि क्षार दोन्ही तात्पुरते झाकते. आम्लाचा वापर पहिल्या दोन प्रकारांपुरताच उपयोगी आहे. खळग्यावर आम्ल कितीही वेळा लावले, तरी गेलेला रंग परत येत नाही.

जुन्या गाड्यांचा रंग

आधुनिक गाडीवर रंगाच्या थरावर पारदर्शक संरक्षक थर असतो. जुन्या गाड्यांवर सामान्यतः एकस्तरीय रंग आढळतो, म्हणजे रंगद्रव्य आणि चमक एकाच थरात असतात. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने घडवलेली प्रीमियर पद्मिनी आणि हिंदुस्तान मोटर्सची १९५७ ते २०१४ या काळात निर्माण झालेली अॅम्बेसेडर या महाराष्ट्रातील रस्त्यांवर दीर्घकाळ दिसलेल्या गाड्या होत. मुंबईतील काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधील अखेरची नोंदणीकृत पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली. त्यानंतर अशा गाड्या मुख्यतः हौशी मालकांकडे उरल्या आहेत.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या सुधारणेनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने विंटेज म्हणून नोंदवता येतात. मूळ रंग ही त्या नोंदणीची स्वतंत्र अट नसली, तरी संग्राहकांच्या दृष्टीने कारखान्यातून आलेला रंग पुन्हा निर्माण न होणारा असतो. गाडी नव्याने कितीही वेळा रंगवता येते, पण मूळ रंगाची ती एकच वेळ असते.

रंगाचा प्रकार ओळखण्यासाठी दाराच्या आतील बाजूसारख्या दृष्टीआड जागी पांढऱ्या कापडावर थोडे पॉलिश घेऊन हलके घासतात. कापडावर गाडीचाच रंग उतरला, तर तो एकस्तरीय आहे. अशा ठिकाणी थिनरच्या थेंबाने रंग लगेच विरघळू लागला, तर तो लॅकर प्रकारचा असतो आणि त्यावर कोणतेही विद्रावक वापरू नये. धातूची चमक असलेल्या एकस्तरीय रंगात ॲल्युमिनियमचे कण उघडे असतात. आम्लाने ते काळवंडतात.

डाग काढण्याची पद्धत

सर्वमान्य तत्त्व असे, की सर्वांत सौम्य उपाय आधी करावा, आणि पुढच्या टप्प्याकडे जाण्याआधी मागचा अपुरा ठरला आहे याची खात्री करून घ्यावी.

१. धुणे. गाडी सावलीत उभी करून पत्रा थंड होऊ द्यावा. प्रथम पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी आणि मग गाड्यांसाठीच्या शॅम्पूने मायक्रोफायबर कापडाने धुवावे. साबणाच्या आणि कापड विसळण्याच्या बादल्या वेगळ्या असाव्यात. एकाच बादलीतील गढूळ पाण्याने रोज गाडी पुसण्याच्या पद्धतीत वाळूचे कण रंगावर घासले जातात आणि बारीक ओरखडे पडतात.

२. सौम्य आम्ल. पांढरे व्हिनेगर आणि बॅटरीचे क्षारमुक्त पाणी समप्रमाणात मिसळावे. आधी दृष्टीआड जागी चाचणी घ्यावी. नंतर ओले कापड डागावर एक ते दोन मिनिटे ठेवावे. द्रावण सुकू देऊ नये. त्यानंतर भरपूर पाण्याने धुवून पुन्हा शॅम्पूने स्वच्छ करावे. अॅसेटिक आम्लाने कॅल्शियम कार्बोनेटचे पाण्यात विरघळणाऱ्या क्षारात रूपांतर होते. डाग फिका झाला, पण गेला नाही, तर वेळ वाढवण्यापेक्षा ही क्रिया दुसऱ्या दिवशी पुन्हा करणे सुरक्षित ठरते.

३. क्ले. रंगात रुतलेले कण काढण्यासाठी खास क्लेची वडी भरपूर वंगण द्रव लावून हलक्या हाताने सरकवतात. कोरड्या पृष्ठभागावर ती ओरखडे पाडते. जमिनीवर पडलेला तुकडा पुन्हा वापरू नये.

४. पॉलिश. उरलेल्या खळग्याभोवतीचा रंग घासून पृष्ठभाग समतल केला जातो. येथूनच रंग जाण्यास प्रारंभ होतो, म्हणून शक्य असल्यास रंगाची जाडी मोजणारे यंत्र आधी वापरावे. कडा, वळणाच्या उंच रेषा आणि दाराचे कोपरे येथे रंग सर्वांत पातळ असतो. तेथे यंत्राऐवजी हाताने काम करणे श्रेयस्कर.

५. बारीक पॉलिश पेपर. ओल्या कागदाने घासणे हा अखेरचा उपाय होय. जुन्या मूळ रंगावर तो अनुभवी कारागिराखेरीज कोणी करू नये. खळगा रंगाच्या थराइतकाच खोल गेला असेल, तर डाग तसाच ठेवणे हाही योग्य निर्णय असतो.

टाळावयाच्या गोष्टी

फरशी व शौचालय स्वच्छ करण्यासाठी मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्ल गाडीवर कधीही वापरू नये. ते क्रोमचा मुलामा व त्याखालील लोखंड खाते आणि त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरिन वायू बाहेर पडतो. रॉकेल किंवा डिझेलने पुसल्यास डाग नाहीसा झाल्याचा आभास होतो. प्रत्यक्षात तेलाचा थर डाग झाकतो आणि धूळ धरून ठेवतो.

प्रतिबंध

गाडी धुतल्यानंतर पाणी आपोआप सुकू न देता लगेच टिपून घेणे हा सर्वांत प्रभावी आणि स्वस्त उपाय आहे. शेवटचे पाणी क्षारमुक्त असल्यास डाग जवळजवळ पडत नाहीत. कोकणपट्टीत पावसाळ्यात साठवलेले पावसाचे पाणी या कामी उपयोगी पडते, कारण त्यात कठीणपणा अत्यल्प असतो. मात्र पहिल्या सरींसोबत हवेतील धूळ व छपरावरील कचरा उतरत असल्याने ते पाणी साठवू नये. डाग निघाल्यावर रंगावर मेणाचा थर द्यावा. मेणामुळे डाग पडणे थांबत नाही, परंतु क्षार आधी मेणावर बसतात आणि पुढील धुण्यात सहज निघतात. आच्छादन वापरायचे झाल्यास ते हवा खेळती ठेवणारे असावे. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचे आच्छादन घातल्यास ओल आत कोंडते, आणि दमट किनारी हवेत डागांबरोबरच गंजाचाही धोका वाढतो.