बेनेटची बोट आणि कोथरूडचं रिटर्न

अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहो, त्याच्या मिळकतीचा हिशोब अमेरिकेला द्यावाच लागतो. आपल्याकडे तसं नाही; वर्षातले किती दिवस भारतात काढले, यावर बहुतेक सगळं ठरतं. मी पुण्यात सी.ए. आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात आयुष्य काढून कोथरूड-बाणेरला परतलेली मंडळी माझ्याकडे येतात. अमेरिकेचा निळा पासपोर्ट, सोबत भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड आणि ठरलेला प्रश्न : "अहो, तिथे आता आमचं आहे काय? व्याज इथल्या बँकेचं, भाडं इथल्या फ्लॅटचं. मग अमेरिकेच्या रिटर्नचा तो १०४० फॉर्म कशासाठी भरायचा?" कायद्यातलं उत्तर एका ओळीचं आहे. पण त्याचं मूळ शोधत गेलं की माणूस थेट गर्भश्रीमंतांच्या यॉटवर जाऊन पोहोचतो.

अमेरिकी काँग्रेसनं १७८९ साली, म्हणजे स्वतःची घडी नीट बसायच्या आधीच, जहाजांवर टनामागे कर बसवला. अमेरिकेत बांधलेलं आणि अमेरिकी मालकीचं जहाज असेल तर सहा सेंट. बांधलेलं अमेरिकेत, पण मालक परका, तर तीस. ढोबळमानानं बाकी सगळ्यांना पन्नास. मालक कोण एवढंच पाहून भागत नसे. लाकूड कोणत्या गोदीत तासलं तेही विचारत. पुढे तर परदेशी बांधणीच्या जहाजाला अमेरिकी नोंदणीच सहसा मिळेनाशी झाली. गोदीवाल्यांना हवं होतं तेच झालं.

पण लाकूड मागे पडून लोखंड आणि पोलाद आलं, तशी स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीकाठच्या गोद्यांची चलती झाली. न्यूयॉर्कचे धनिक आपल्या वाफेच्या यॉट तिकडून घेऊ लागले. फ्रेडरिक व्हँडरबिल्टनं १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये 'कॉन्करर' नावाची यॉट विकत घेतली आणि ती न्यूयॉर्कला आणली. तिथल्या कस्टम्सच्या कलेक्टरनं ती जप्त केली : आयात माल आहे, जकात भरा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८९७ मध्ये निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं, जकातीच्या लांबलचक यादीत जहाज कुठेच नाही. जहाजांचा वर्गच निराळा, त्यांचे कायदेही निराळे. जकात रद्द.

याच खटल्यात एक बारीक गंमत आहे. यॉट अडकून पडली त्या काळाची भरपाई व्हँडरबिल्टनं मागितली होती. ती न्यायालयानं नाकारली. यॉट हौसेची, ती भाड्यानं जात होती असा पुरावा नाही, मग बुडालं काय? हे मला धंद्याच्या अंगानं फार पटतं. जिच्या खात्यात कधी जमाच नव्हती, तिचं नुकसान कोणत्या रकान्यात दाखवणार?

कायद्यातलं हे भोक १९०९ च्या पेन-ऑल्ड्रिच जकात कायद्यानं बुजवलं. परदेशात बांधलेली, व्यापारासाठी नसलेली यॉट अमेरिकी नागरिकाच्या मालकीची असेल, किंवा त्यानं सहा महिन्यांपेक्षा जास्त भाड्यानं घेतली असेल, तर तिच्या वापरावर दरवर्षी सकल टनामागे सात डॉलर. हजार टनांच्या यॉटला वर्षाला सात हजार. हा वार्षिक ससेमिरा नको असेल तर किमतीच्या ३५ टक्के जकात एकदाच भरा आणि देशी यॉटसारखे नोंदणीचे हक्क घ्या. कलम कोणी लिहिलं ठाऊक नाही, पण माणूस पोचलेला असणार. 'आयात' म्हटलं की कोर्टात मार खावा लागतो, हे कळल्यावर त्यानं कर वापरावर बसवला.

धनिक भांडायला उभे राहिलेच. सी. के. जी. बिलिंग्ज हे त्यातलं एक नाव. न्यूयॉर्कच्या हॉटेलात पाहुण्यांना घोड्यांवर बसवून जेवू घालणारा हाच तो गृहस्थ. देशी-परदेशी असा भेद घटनेत बसत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ते टिकलं नाही. माझ्या अशिलांशी नातं जुळतं ते दुसऱ्याचं, जेम्स गॉर्डन बेनेटचं. 'न्यूयॉर्क हेरल्ड'चा मालक, स्टॅन्लीला लिव्हिंग्स्टनच्या शोधात आफ्रिकेत धाडणारा. मुक्काम पॅरिसला. त्याची 'लिसिस्ट्राटा' १९०० साली स्कॉटलंडमध्ये डंबार्टनच्या डेनी गोदीत बांधलेली. ताज्या दुधासाठी तिच्यावर गाय पाळली होती आणि गायीला विजेचा पंखा होता, असं सांगतात.

बेनेटचा मुद्दा साधा होता : यॉट तिकडेच असते, अमेरिकेच्या पाण्यात येतच नाही, मग कर कसला? तोच कोथरूडचा प्रश्न. १९१४ मध्ये सरन्यायाधीश व्हाइट यांनी निकाल दिला, की नागरिक आपला असेल तर त्याची मालमत्ता देशाबाहेर असली म्हणून कर लावायचा अधिकार संपत नाही.

दहा वर्षांनी जॉर्ज कुक नावाचा अमेरिकी नागरिक कोर्टात आला. राहणं मेक्सिको सिटीत, मिळकतही मेक्सिकोतली, आणि कराची मागणी १,१९३ डॉलर ३८ सेंट. न्यायालयानं बेनेटच्या निकालाचा आधार घेतला आणि सांगितलं, की सरकारचं छत्र नागरिक जाईल तिथे त्याच्यावर असतं, म्हणून करही असतो. नागरिकत्वावर आधारलेली ही करपद्धत आजही 'कुक विरुद्ध टेट' या १९२४ च्या निकालावर उभी आहे.

यॉटवाले गेले आणि निकाल तेवढा उरला, हे मला खटकतं. बेनेटची 'लिसिस्ट्राटा' रशियन नौदलानं घेतली, पुढे ती सोव्हिएतांकडे गेली; तो स्वतः १९१८ मध्ये वारला. त्याच्याविरुद्ध वापरलेला युक्तिवाद मात्र आज शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंच्या पोस्टातल्या ठेवीला लागू पडतो. दुहेरी करातून सवलत मिळते, बहुतेकांना शेवटी भरावं काहीच लागत नाही, पण फॉर्म चुकत नाहीत. भारतातल्या खात्यांमध्ये मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरवर रक्कम गेली तर तो तपशील वेगळा कळवायचा. परदेशात राहणाऱ्यांना रिटर्नसाठी १५ जूनपर्यंत मुदत असते. ती सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच मंडळी १३ जूनला फायली घेऊन येतात.