'हॉस्पिटल इकॉनॉमिक्स' ते डॉक्टरेट : परिचारिकांच्या उच्चशिक्षणाची सव्वाशे वर्षे

न्यूयॉर्कच्या १२०व्या रस्त्याच्या दक्षिणेला कोलंबिया विद्यापीठ आहे आणि उत्तरेला टीचर्स कॉलेज. अंतर काही पावलांचे. तरी या रस्त्याला जगातला सर्वांत रुंद रस्ता म्हणण्याची थट्टा तिथे जुनी आहे. रस्त्याच्या एका बाजूला 'शुद्ध' विद्या आणि दुसऱ्या बाजूला शिक्षक घडवण्याचे 'व्यावहारिक' काम, असा भेद त्या थट्टेत दडलेला आहे. परिचारिकांच्या उच्चशिक्षणाचा माग काढताना मी या रस्त्यापाशी पुन्हापुन्हा येऊन थांबलो.

आज अमेरिकेत एखादी परिचारिका व्यवसायाभिमुख डॉक्टरेट करते तेव्हा तिला प्रगत शुश्रूषेबरोबर संस्थेचे नेतृत्व आणि आरोग्यसेवेचे अर्थकारणही शिकावे लागते. आपल्याकडे हे सांगितले की, "सलाईन लावणाऱ्या बाईला अंदाजपत्रक कशाला?" असा प्रश्न हमखास येतो. विद्यापीठाने हौसेने तीन विषयांची मोट बांधली असावी, असा समज त्यामागे असतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. शुश्रूषा, शिक्षण आणि पैसा हे तीन धागे सुरुवातीपासून एकत्र विणलेले होते, आणि ते विणले गेले त्याला एक कडवट कारण होते.

पैसा कोणाचा, विद्यार्थिनी कोणाची?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. तिच्या शिस्तीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, हिशेबाबद्दल फार कमी. क्रिमियन युद्धानंतर लोकांनी कृतज्ञतेने जमवलेल्या सुमारे ४४,००० पौंडांच्या निधीतून ही शाळा उभी राहिली. म्हणजे शाळा रुग्णालयात असली तरी तिच्या खर्चासाठी वेगळी थैली होती.

हा नमुना १८७३ साली अमेरिकेत पोहोचला. न्यूयॉर्कचे बेलव्ह्यू, न्यू हेवन आणि बोस्टन येथे त्या एकाच वर्षी शाळा निघाल्या. पुढे रुग्णालये वाढली तशा शाळाही भराभर वाढल्या. पण स्वतंत्र निधीची गोष्ट मागे पडली. रुग्णालयांना लवकरच उमगले की शाळा काढली की पगारी परिचारिका ठेवाव्या लागत नाहीत. विद्यार्थिनीला राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि किरकोळ विद्यावेतन दिले की ती दिवसरात्र वॉर्ड सांभाळते. व्याख्यान झाले तर रात्री, थकून आल्यावर. कागदावर ती विद्यार्थिनी होती. रुग्णालयाच्या वहीत मात्र ती मनुष्यबळ होती.

हा भेद मला पुस्तकात वाचण्याआधी दिसला होता. तरुणपणी मी काही वर्षे एका रुग्णालयाच्या हिशेब खात्यात कारकून होतो. नर्सिंगच्या मुलींची नावे वॉर्डच्या ड्यूटीच्या तक्त्यात नेहमीच्या कर्मचाऱ्यांबरोबर लागत, आणि परीक्षा जवळ आली की कोणती पाळी उघडी पडणार याची चिंता आधी होई, अभ्यासाची नंतर. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मलाही तेव्हा वाटले नव्हते, कारण तक्ता भरणे एवढेच माझे काम होते.

१८९९ चा वर्ग

ही कोंडी फोडायला पुढे आल्या त्या शाळा चालवणाऱ्या अधिसेविकाच. जॉन्स हॉपकिन्सच्या नर्सिंग शाळेच्या पहिल्या प्रमुख इझाबेल हॅम्पटन (पुढे रॉब) यांनी १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त भरलेल्या परिषदेत शिक्षणाचा दर्जा सर्वत्र सारखा असावा अशी मागणी केली. त्याच वर्षी अधिसेविकांची संघटना स्थापन झाली. पण दर्जा वाढवायचा तर शिकवणार कोण? अधिसेविका उत्तम परिचारिका होत्या. शिकवावे कसे आणि संस्थेचा कारभार हाकावा कसा, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

रॉब यांनी टीचर्स कॉलेजचे डीन जेम्स अर्ल रसेल यांच्याकडे शब्द टाकला. कॉलेज नुकतेच, १८९८ साली, कोलंबियाशी संलग्न झाले होते. १८९९ साली तिथे अनुभवी परिचारिकांसाठी एक वर्ग सुरू झाला आणि त्याला नाव मिळाले 'हॉस्पिटल इकॉनॉमिक्स'. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी होत्या दोन. त्यांनी मानसशास्त्र, अध्यापनशास्त्र, विज्ञान आणि गृहव्यवस्थापन कॉलेजात शिकायचे, आणि रुग्णालयाच्या कारभारावरची व्याख्याने द्यायला स्वतः अधिसेविका यायच्या. सुरुवातीच्या वर्षांत खर्चाचा भारही त्यांच्या संघटनेने उचलला. शाळेचे नेतृत्व, संस्थेचे अर्थकारण आणि शुश्रूषा हे आजच्या डॉक्टरेटचे तीन विषय दोन विद्यार्थिनींच्या त्या वर्गात बीजरूपाने हजर होते.

१९०७ साली या वर्गाची सूत्रे मेरी अ‍ॅडलेड नटिंग यांच्याकडे आली. मूळच्या कॅनडाच्या नटिंग हॉपकिन्सच्या पहिल्या तुकडीतल्या. रॉब यांच्यानंतर तिथल्या शाळेच्या प्रमुख म्हणून त्यांनी अभ्यासक्रम तीन वर्षांचा केला आणि विद्यार्थिनींचा कामाचा दिवस आठ तासांवर आणण्यासाठी झगडा दिला. कोलंबियात त्या प्राध्यापक झाल्या. विद्यापीठात प्राध्यापकपद मिळवणारी जगातली पहिली परिचारिका हा मान त्यांचा. विशेष म्हणजे विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. येल विद्यापीठाने मानद एम.ए. दिली ती पुष्कळ नंतर. पदवीशिवाय आयुष्यभर वाचनालयांचे उंबरठे झिजवणाऱ्या माझ्यासारख्याला या तपशिलाचे अप्रूप वाटणारच. पण नटिंग यांनी त्याचा अर्थ 'पदवी नसली तरी चालते' असा लावला नाही. आपल्याला जे दार बंद होते ते पुढच्यांना उघडे करून देणे, असा लावला.

त्यांनी जे हत्यार उचलले ते आकड्यांचे होते. १९१२ साली अमेरिकेच्या शिक्षण विभागाने त्यांचा नर्सिंगच्या शैक्षणिक स्थितीवरील अहवाल प्रसिद्ध केला. कामाचे लांबलचक तास, तुटपुंजे शिक्षण आणि विद्यार्थिनींच्या श्रमांवर चालणारी रुग्णालये हे सारे त्यात मांडले होते. शाळेला स्वतःचे उत्पन्न आणि स्वतःचे अंदाजपत्रक असल्याखेरीज शिक्षण सुधारणार नाही, हे त्यांचे आयुष्यभराचे प्रतिपादन. हेलन हार्टली जेन्किन्स यांच्या देणगीमुळे टीचर्स कॉलेजात शुश्रूषा आणि आरोग्याचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, तो या विचाराचा पहिला ठोस पुरावा होता.

रस्त्याच्या अलीकडे

याच वर्षांत रस्त्याच्या दक्षिणेला एक मराठी विद्यार्थी शिकत होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबियात आले आणि १९१६ पर्यंत राहिले. त्यांची व नटिंग यांची गाठ घालून देण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा अभ्यासक्रमाचा आहे. अमेरिकी डॉक्टरेटमध्ये प्रबंधाआधी वर्गात बसून अनेक विषय पुरे करावे लागतात. आंबेडकरांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम घेतले, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र. सार्वजनिक वित्ताचे पंडित एडविन सेलिग्मन त्यांचे गुरू. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली छापला गेला आणि १९२७ साली कोलंबियाने पीएच.डी. दिली.

म्हणजे एकाच दशकात, एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, पैसा येतो कुठून आणि जातो कुठे हा प्रश्न अभ्यासाचा झाला होता. एका बाजूला प्रांतांचा महसूल होता, दुसऱ्या बाजूला रुग्णालयाचा खर्च. ज्याच्या हाती हिशेब त्याच्या हाती सत्ता, हे दोन्हीकडे दिसत होते.

पुढची पावले थोडक्यात सांगता येतील. हार्वर्डने १९२० साली शिक्षणशास्त्राची स्वतंत्र शाखा काढून शिक्षणातील व्यावसायिक डॉक्टरेट सुरू केली. अनेक परिचारिका याच पदवीच्या वाटेने डॉक्टर झाल्या, कारण स्वतःच्या विषयाची वाट अजून तयार व्हायची होती. १९३४ साली न्यूयॉर्क विद्यापीठाने परिचारिकांसाठी पीएच.डी.चा मार्ग उघडला. प्रत्यक्ष सेवेत राहणाऱ्यांसाठीची 'डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस' ही पदवी २००१ साली केंटकी विद्यापीठात सुरू झाली. २००६ च्या निकषांनुसार तिच्यासाठी पदवीनंतरचे किमान १,००० तास प्रत्यक्ष कामाचे लागत, आणि संस्थेचे नेतृत्व व अर्थकारण तिच्या गाभ्यात आहे. १८९९ च्या वर्गाची ही थेट वंशज.

आपल्याकडे

महाराष्ट्रात शिक्षिका आणि परिचारिका यांना एका छताखाली आणण्याचा प्रयत्न रमाबाई रानडे यांनी केला. १९०९ साली निघालेल्या पुण्याच्या सेवासदनाने शिक्षिका घडवल्या आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकाही. परक्यांची मलमूत्राची भांडी उचलणे, परपुरुषाच्या अंगाला हात लावणे हे ज्या घरांत पाप होते, त्या घरांतल्या विधवांना या कामाकडे वळवणे किती अवघड गेले असेल याची कल्पनाच केलेली बरी. तरीही तिथला प्रश्न प्रतिष्ठेचा राहिला. पैशाच्या वहीपर्यंत तो पोहोचला नाही.

१९४६ च्या भोर समितीने देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नोंदवले. इंग्लंडमध्ये हे प्रमाण ३०० ला एक होते. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ चे. दिल्ली विद्यापीठात एम.फिल. १९८६ साली आले. २००५ साली भारतीय परिचर्या परिषदेच्या पुढाकाराने पीएच.डी.साठी राष्ट्रीय पातळीवरचा संघ स्थापन झाला. प्रबंधापूर्वी वर्गातला अभ्यासक्रम सर्वच पीएच.डी.धारकांना सक्तीचा झाला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी. आंबेडकरांनी कोलंबियात जे केले ते आपल्या विद्यापीठांत नियम म्हणून यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

आता पदव्या आहेत. पण डॉक्टरेट मिळवलेली परिचारिका आपल्याकडे बहुधा महाविद्यालयात शिकवायला जाते. वॉर्डाशी तिचा संबंध सुटतो आणि रुग्णालयाच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत तिला खुर्ची नसते. वॉर्डात किती परिचारिका लागतील हे तिला नेमके सांगता येते, किती ठेवायच्या हे ठरवतात दुसरेच. रॉब आणि नटिंग यांनी ज्यासाठी परिचारिकेला विद्यापीठात नेले ते काम तिथेच अडले आहे. आपल्या नर्सिंग महाविद्यालयांत किती ठिकाणी प्राचार्य बाईंच्या सहीने महाविद्यालयाचे स्वतंत्र अंदाजपत्रक निघते, आणि विद्यार्थिनींचे वॉर्डातले तास शिक्षण म्हणून मोजले जातात की मनुष्यबळ म्हणून, हे कोणीतरी जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन तपासायला हवे. नर्सिंगच्या पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या मुलींना मी अलीकडे हाच विषय सुचवतो.